परक्या देशातील ताट आणि नकाराचा अधिकार

पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांमधला शेतकरी अलीकडच्या दशकांत परदेशी जाऊ लागला, तो प्रामुख्याने शेती पाहण्यासाठी. राज्याच्या कृषी विभागाने आखलेल्या अभ्यास दौऱ्यांतून, एखाद्या संस्थेच्या पुढाकाराने किंवा पदरचे पैसे घालून तो इस्रायलमधील ठिबक सिंचनाचे मळे, नेदरलँड्समधील काचगृहे आणि आग्नेय आशियातील फळबागा पाहून येतो, आणि परतल्यावर त्या तंत्राची चर्चा गावात, कृषी विज्ञान केंद्रात आणि वृत्तपत्रांतही होते. त्या देशांत त्याने दोन वेळचे जेवण कसे मागवले, हा प्रश्न मात्र या चर्चेत सहसा येत नाही. आला तरी ‘भाषेची अडचण होती’ एवढ्यावर तो मिटवला जातो, आणि सोबत नेलेल्या चिवड्याच्या, शेंगदाण्याच्या चटणीच्या आणि दशम्यांच्या आठवणीत विरून जातो. वस्तुतः हा प्रश्न क्षुल्लक नाही. अनोळखी भाषेच्या मुलखात अन्न मागणे ही माणसाच्या श्रद्धेची, आरोग्याची आणि स्वाभिमानाची एकाच वेळी परीक्षा असते, आणि तिच्यात येणारे अपयश भाषेच्या खात्यावर मांडल्यामुळे त्यावरचे उपायही चुकीच्या ठिकाणी शोधले जातात.

भाषा येत असूनही परदेशात उपाशी राहावे लागते, याचे सर्वपरिचित उदाहरण महात्मा गांधींचे आहे. १८८८ मध्ये विलायतेला निघालेल्या गांधींना इंग्रजी वाचता येत होते आणि अडखळत का होईना बोलताही येत होते. तरीही बोटीवरच्या भोजनगृहात कोणत्या पदार्थांत मांस नाही हे विचारण्याचे धैर्य त्यांना झाले नाही, आणि सोबत नेलेल्या मिठाईवर व फळांवर त्यांनी प्रवास काढला, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. पुढे लंडनमधील होबर्न उपाहारगृहात एका स्नेह्याबरोबर जेवायला बसले असता सूप कशाचे आहे हे विचारण्यासाठी त्यांनी वाढप्याला बोलावले, तेव्हा त्या स्नेह्याला हे वर्तन असभ्य वाटले आणि गांधींना टेबल सोडून बाहेर जावे लागले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद असल्याने त्या रात्री ते उपाशीच राहिले. या प्रसंगात शब्दांची उणीव कुठेही नाही. जे विचारायचे होते ते विचारता येत होते, परंतु त्या टेबलाच्या रीतीत तो प्रश्नच बसत नव्हता.

मराठी समाजाला याहून जवळचे उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आहे. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांचे इंग्रजी चांगले होते. निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे इंग्रजीतून दिलेल्या जाहीर भाषणात आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही त्यांनी दिली होती. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाच्या मायेच्या आश्रयाला आणि नंतर फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात राहताना त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. भाषेने त्यांना पदवीपर्यंत नेले. त्या थंड प्रदेशात आपल्या पद्धतीचे अन्न रोज मिळवण्याचा प्रश्न भाषेने सुटणारा नव्हता.

जेवण मागवण्याच्या क्रियेत दोन वेगळी कामे असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिले काम हवे ते मागण्याचे, दुसरे नको ते नाकारण्याचे. मागण्याला भाषा फारशी लागत नाही. शेजारच्या टेबलावरील ताटाकडे बोट दाखवता येते, भिंतीवरील चित्र दाखवता येते, बोटांनी संख्या सांगता येते. जपानमध्ये तर उपाहारगृहाच्या दर्शनी काचेमागे पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडण्याची प्रथा आहे, आणि १९३२ मध्ये ओसाका येथे ताकिझो इवासाकी यांनी मेणाच्या अशा प्रतिकृतींचा व्यवसाय सुरू केल्यापासून तिने मोठ्या उद्योगाचे रूप घेतले. नकाराची गोष्ट वेगळी आहे, कारण जे समोर आहे तेच बोटाने दाखवता येते. जे नसावे ते दाखवता येत नाही. कोंबडीच्या चित्रावर फुली मारता येईल, परंतु भाजीच्या रश्श्यात हाडांचे पाणी नको, तळणीच्या तेलात चरबी नको, याचे चित्र कोणाला काढता येणार? अभाव सांगायला भाषा लागते, आणि तीही साधी नव्हे तर स्वयंपाकघरातील कृती जाणणारी भाषा. म्हणूनच चार परकी वाक्ये पाठ केलेला प्रवासी मागणीत यशस्वी होतो आणि नकारात हरतो.

बारामती-इंदापूरच्या माणसाच्या बाबतीत हा नकार किती नाजूक आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी, ज्याला या भागात माळकरी म्हणतात, तो मांस, मासे आणि सहसा अंडीही वर्ज्य मानतो. बारामतीच्या बाजारपेठेतील जैन व्यापाऱ्याचा नकार कंदमुळांपर्यंत जातो. मटण आवडीने खाणाऱ्या अनेक घरांत गाईचे आणि डुकराचे मांस चालत नाही. मुस्लिम कुटुंबांना मांस हलाल असणे आवश्यक वाटते. शिवाय या नकाराला दिनदर्शिका आहे: रविवारी जे चालते ते सोमवारी किंवा गुरुवारी चालत नाही, श्रावणात चालत नाही, आणि एकादशीला तर धान्यही बाजूला ठेवून भगर, साबुदाणा व शेंगदाणे पुढे येतात. परदेशातील वाढप्याला ‘शाकाहारी’ हा एक शब्द कळला तरी या गुंतागुंतीचा फार थोडा भाग त्याच्यापर्यंत पोहोचतो.

स्वतःच्या मुलखात हा गुंता शेतकऱ्याला कधी शब्दांत मांडावा लागलेला नसतो, आणि परदेशातील त्याच्या गोंधळाचे मूळ येथे आहे. ज्या भोजनसंस्थांत तो वाढला त्यांत मागवणे ही क्रियाच गौण आहे. पंगत, म्हणजे रांगेत बसून एकाच वेळी एकच अन्न सर्वांनी घेण्याची पद्धत, ही त्यांतली मूळ संस्था होय. देहूहून निघणारी संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी आषाढीपूर्वी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशा मुक्कामांवरून पंढरपूरकडे जाते, आणि त्या दिवसांत या गावांमध्ये असंख्य माणसे जेवतात. त्यांपैकी कोणालाही काय हवे असे विचारले जात नाही आणि कोणालाही काही सांगावे लागत नाही. काय शिजले असेल, काय शिजलेले नसेल, हे आधीच ठरलेले असते. दुसरी संस्था खाणावळीची: ठरलेल्या दरात ठरलेले जेवण देणारी ही व्यवस्था मुंबईच्या गिरणगावात कामगारांसाठी वाढली आणि बारामतीत शिकायला आलेल्या मुलांसाठी मेस व डबा या रूपांत आजही चालू आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरची राइस प्लेट आणि थाळी ही तिचीच पुढची रूपे. थाळीत आमटी, भाजी, चपाती किंवा भाकरी, भात हे ठरलेले असते. गिऱ्हाईक फक्त पुन्हा हवे की पुरे एवढेच सांगते, आणि तेही बहुधा शब्दांवाचून. ताटावर आडवा धरलेला पंजा म्हणजे बास. वाटी किंचित पुढे सरकवली की रस्सा. वाढपी ओडिशाचा, बिहारचा किंवा नेपाळचा असला, आणि महामार्गावर तो पुष्कळदा तसा असतोच, तरी ही खूण त्याला दोन दिवसांत कळते.

अशा संस्थेत नकाराचा भार खाणाऱ्यावर नसतो. तो संस्थेनेच उचललेला असतो. माळकऱ्यासाठी शुद्ध शाकाहारी अशी पाटी असते, आणि जिथे मटण-थाळी मिळते तिथे त्याने जायचे नाही हे त्याला माहीत असते. भिगवणजवळ भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना कुंभारगावचे मच्छीमार नावेतून फिरवतात आणि जेवूही घालतात. त्या घरी चिलापीचे किंवा दुसऱ्या कुठल्या माशाचे कालवण, भाकरी आणि भात असणार हे पाहुणा गृहीत धरतो. मासे न खाणाऱ्याने आदल्या दिवशी फोनवर सांगितले की पिठले होते. तेथे येणाऱ्या परक्या भाषेच्या पक्षीनिरीक्षकालाही अडचण पडत नाही, कारण निवडीचा प्रश्नच नसतो आणि वाढणारे माणूस समोर असते.

मेनूकार्डाची व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. युरोपातही ती अनादी नाही. प्रवाशांच्या खानावळीत एका सामायिक टेबलावर, ठरलेल्या वेळी, यजमान देईल ते खाण्याची पद्धत तिकडेही होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये स्वतंत्र टेबल, छापील यादी, प्रत्येक पदार्थाची वेगळी किंमत आणि गिऱ्हाइकाला सोयीची वेळ या गोष्टी एकत्र आल्या आणि आजच्या अर्थाचे उपाहारगृह जन्मले. या व्यवस्थेने एक विशिष्ट प्रकारचा माणूस गृहीत धरला: वाचता येणारा, एकटा निर्णय घेणारा, यादीतील नावांमागचे पदार्थ ओळखणारा आणि स्वतःची आवड सांगण्यास न संकोचणारा. ही गृहीतके बारामतीच्या बसस्थानकाजवळील फॅमिली रेस्टॉरंटमध्येही तितकीच काम करतात. अशा ठिकाणी मेनूकार्ड अनेकदा केवळ इंग्रजीत असते, आणि आयुष्यभर ऊस, द्राक्षे व डाळिंब यांचा हिशेब चोख ठेवणारा मनुष्य ती पाने उलटून शेवटी मुलाकडे किंवा सुनेकडे सरकवतो. परदेश त्याच्यासाठी विमानतळाच्या फार अलीकडे सुरू झालेला असतो.

येथे पंगतीचा गौरव करून मेनूकार्डाला दूषण देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. पंगतीने माणसे जोडली तशी तोडलीही. कोणी कोणत्या पंगतीला बसायचे, कोणाच्या हातचे पाणी चालायचे आणि कोणाला अंगणाबाहेर वाढायचे याचे निर्दय नियम महाराष्ट्राच्या गावोगावी होते. त्या नियमांच्या तुलनेत छापील यादी आणि छापील किंमत ही मुक्ततेची साधने ठरली, कारण ती गिऱ्हाइकाची जात विचारत नव्हती. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले आणि तेथे स्वतः जाऊन सर्वांदेखत चहा घेतला. एका अस्पृश्य माणसाच्या दुकानात मागवलेला तो चहा सामाजिक इतिहासातील मोठे पाऊल होते. तेव्हा नकाराच्या अधिकाराचा विचार करताना दोन नकार वेगळे ठेवलेच पाहिजेत. काय खाणार नाही हा एक नकार आहे आणि कोणाच्या हातचे खाणार नाही हा दुसरा. पहिला माणसाच्या श्रद्धेचा व शरीराचा आहे आणि त्याला जगात कुठेही मान मिळायला हवा. दुसरा माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला घालतो आणि त्याला कुठेही, मायदेशी वा परदेशी, जागा नसावी.

पहिल्या प्रकारच्या नकाराला परदेशात मान मिळवून देण्याचे साधन म्हणून आज मोबाइलमधील भाषांतराकडे पाहिले जाते. मेनूकार्डावर कॅमेरा धरला की अक्षरे ओळखीच्या लिपीत बदलतात, ही सोय खरोखर मोठी आहे आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु यंत्र यादीचे भाषांतर करते, आणि यादीत पदार्थाचे नाव असते, त्याची कृती नसते. जपानमध्ये शिजवलेल्या भोपळ्याच्या किंवा वांग्याच्या भाजीचे नाव अचूक भाषांतरित होईल, पण ती बहुधा दाशी नावाच्या पाण्यात शिजलेली असते आणि ते पाणी पुष्कळदा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कातळ्यांपासून काढलेले असते, हे यादी सांगत नाही. थायलंडमधील परतलेल्या पालेभाजीत पुष्कळदा माशांचा आंबवलेला द्रव असतो. इटलीतील अस्सल पार्मेझान चीज तयार करताना दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातील विकर वापरावे लागते. भारतात हिरवा ठिपका मिरवणारे चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या विकराने बनते, त्यामुळे बारामतीत निश्चिंतपणे चीज खाणाऱ्या माळकऱ्याला या फरकाची कल्पनाही नसते. तिन्ही ठिकाणी भाषांतर बिनचूक आणि खाणारा फसलेला, अशी स्थिती होते.

चिन्हांची गतही वेगळी नाही. भारतात २००१ पासून वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर चौकटीतील हिरवा ठिपका शाकाहाराची खूण म्हणून सक्तीचा झाला आणि दोन दशकांत तो इतका अंगवळणी पडला की अक्षरओळख नसलेली आजीही पुडा उलटून तो पाहते. जर्मनीत १९९१ पासून ‘हिरवा ठिपका’ याच नावाचे, दोन बाणांच्या वर्तुळाचे चिन्ह वेष्टनांवर दिसू लागले व पुढे ते युरोपातील इतर देशांतही पसरले. त्याचा संबंध वेष्टनाच्या कचऱ्याच्या पुनर्वापराच्या खर्चाशी आहे, आतील अन्नाशी नाही. मांसाच्या डब्यावरही ते असू शकते. दौऱ्यावर निघणाऱ्या प्रत्येकाला ही एक गोष्ट आधी सांगितली गेली तरी पुष्कळ मनस्ताप वाचेल.

मग नकार पोहोचतो कशाने? अनुभवाला धरून विचार केला तर उत्तर असे मिळते की ज्या समाजाला स्वतःचे निषेध आहेत त्याला दुसऱ्याचा निषेध चटकन कळतो. इस्रायल हे याचे उत्तम उदाहरण. ज्यू धर्माच्या कोशेर नियमांनुसार, म्हणजे कोणते अन्न ग्राह्य व ते कसे सिद्ध करावे याच्या नियमांनुसार, मांस आणि दूध एकत्र येऊ शकत नाही. म्हणून कोशेर प्रमाणपत्र असलेले उपाहारगृह एक तर मांसाचे असते किंवा दुधाचे. दुधाच्या उपाहारगृहात मांस वा कोंबडी स्वयंपाकघरातही येत नाही, भांडी वेगळी नसतात कारण दुसऱ्या भांड्यांची गरजच नसते. मासे आणि अंडी तेथे चालतात, तेवढ्यापुरता प्रश्न माळकऱ्याला विचारावा लागतो. पण हाडांच्या पाण्याची आणि चरबीची त्याची सर्वांत मोठी भीती तेथे एका प्रमाणपत्राने संपते. हिब्रू न येणाऱ्या इंदापूरच्या शेतकऱ्यासाठी, ज्या देशाचे धर्मनियम त्याच्या धर्मनियमांहून सर्वस्वी भिन्न आहेत त्या देशात, इतकी खात्रीची जागा मिळावी ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

शिवाय त्या देशात मराठी बोलणारी माणसे आहेत. कोकणातून, विशेषतः रायगड जिल्ह्यातून, १९४८ नंतर इस्रायलला गेलेला बेने इस्रायल समाज डिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत वसला आणि त्याने मराठी जपली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघाले. हा समाज कोकणात तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी काम बंद ठेवी, म्हणून शेजारी त्याला शनवार तेली म्हणत. त्याच्या धर्मग्रंथांची माहिती नसलेल्या कोकणी शेजाऱ्यांनी त्याचा शनिवारचा नकार मात्र शतकानुशतके ओळखला आणि मानला, याचे मोल मोठे आहे. धर्म न समजताही निषेध समजू शकतो, हे कोकणातल्या खेड्यांनी सिद्ध केलेले सत्य आहे.

पूर्वेकडे पंचांगाने हे काम होते. व्हिएतनाममध्ये अनेक बौद्ध घरांत चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य करतात आणि त्यासाठी खास शाकाहारी दुकाने चालतात. थायलंडमधील चिनी वंशाच्या लोकांच्या शाकाहार-उत्सवात पिवळ्या पताका लावलेल्या गाड्यांवर मांस, मासे तर नसतातच, पण तीव्र वासाच्या लसूण-कांद्यालाही मज्जाव असतो. जपानमधील बौद्ध मठांची शोजिन र्योरी ही पाकपरंपरा दाशीसाठी माशाऐवजी समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या अळंब्या वापरते. एकादशी पाळणाऱ्या माणसाला या गोष्टी परक्या वाटण्याचे कारण नाही. त्याला त्यांची वार्ताच नसते, एवढीच अडचण आहे.

नेदरलँड्समध्ये मदत वेगळ्याच वाटेने येते. १८७३ मध्ये ‘लाला रूख’ हे जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया मजुरांना घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत पोहोचले. त्या मजुरांचे हजारो वंशज १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास नेदरलँड्सला आले आणि हेग शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. त्यांच्या दुकानांत रोटी, डाळ आणि बटाट्याची भाजी मिळते. काचगृहांसाठी जगप्रसिद्ध असलेला वेस्टलँड भाग हेगला लागूनच आहे. वेस्टलँडमधील ढोबळी मिरची आणि टोमॅटो पाहायला गेलेल्या बारामतीच्या शेतकऱ्याला काही किलोमीटरवर रोटी मिळू शकते, आणि तरीही दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत तिचा उल्लेख नसतो. युरोपीय संघाच्या २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार उपाहारगृहाला दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, तीळ अशा १४ घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणे बंधनकारक आहे. हे नियम ॲलर्जीसाठी आहेत. म्हणून त्यांत मांस येत नाही, पण अंडी आणि मासे येतात. म्हणजे माळकऱ्याच्या तीन नकारांपैकी दोहोंना तेथे कायद्याचाच आधार आहे. तो आधार मागायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या सर्व वाटा टाळून सहल-कंपन्यांनी काढलेला तोडगा असा की मागवण्याचा प्रसंगच येऊ द्यायचा नाही. परदेशी सहलीत वरण-भात आणि पुरणपोळी देणे ही मराठी पर्यटनव्यवसायाची मोठी कामगिरी आहे, तिने हजारो वयस्क माणसांना निर्धास्तपणे जग दाखवले आणि तिचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु शेतकऱ्याचा अभ्यास दौरा ही सहल नाही. जो शेतकरी युरोपच्या बाजारासाठी द्राक्षे पिकवतो त्याने ती द्राक्षे तेथे कशाबरोबर खाल्ली जातात, भाजीचा कोणता आकार स्वयंपाक्याला सोयीचा वाटतो, डाळिंबाचे दाणे कोशिंबिरीवर पडतात की रसात जातात, हे पाहणे त्याच्या अभ्यासाचाच भाग आहे. काचगृहात पिकाचा आरंभ दिसतो आणि ताटात शेवट; ताट वगळणारा दौरा अर्धाच राहतो. बसमधून उतरून भारतीय भोजनालयात जेवून पुन्हा बसमध्ये बसणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या गिऱ्हाइकाचे तोंड दिसत नाही.

आणि हाच शेतकरी दुसऱ्याच्या नकाराचे शास्त्र कोणाहीपेक्षा चांगले जाणतो. भारतीय द्राक्षांचा सर्वांत मोठा युरोपीय ग्राहक नेदरलँड्स आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली, तेव्हा त्या नकाराची किंमत महाराष्ट्रातील बागाईतदारांनी मोजली. त्यानंतर इंदापूर तालुक्यातील बोरीसारख्या द्राक्षगावांपासून नाशिकपर्यंतचा बागाईतदार कोणते औषध कधी थांबवायचे, त्याचा अंश किती चालतो, नोंद कुठे ठेवायची हे शिकला. पेटीपासून बागेपर्यंत माग काढणाऱ्या ‘ग्रेपनेट’ या प्रणालीत त्याच्या प्लॉटची नोंद असते. परक्या ग्राहकाला काय नको याची इतकी बारीक यादी ज्याने पाळली, त्याला त्याच ग्राहकाच्या देशात स्वतःला काय नको ते सांगण्याचे साधन असू नये, ही विषमता खटकणारी आहे. ती त्याच्या अज्ञानातून आलेली नाही; दौरे आखणाऱ्यांनी हा विषय अभ्यासाचा मानलाच नाही, यातून ती आली आहे.

साधन अवघड नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशात, ज्या देशात तो जात आहे त्या देशाच्या भाषेत आणि लिपीत, एक छापील पत्र असावे. त्यात ‘मी शाकाहारी आहे’ एवढे विधान पुरेसे नाही. मांस, मासे, अंडी, हाडांचे वा माशांचे पाणी, प्राण्यांची चरबी, जिलेटिन यांपैकी काय चालत नाही त्यावर खूण करण्याची सोय हवी, आणि जे चालते त्याचीही, म्हणजे दूध, दही, डाळ, भात, भाज्या, फळे यांची, नावे हवीत, कारण नुसता नकार वाचलेला स्वयंपाकी गोंधळतो आणि पर्याय दिसला की तो उत्साहाने कामाला लागतो. मजकूर यंत्राकडून नव्हे तर ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्या आणि स्वयंपाक जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा. शेवटी विनंतीचे आणि आभाराचे वाक्य असावे. पत्र वाढप्याच्या हातून स्वयंपाकघरात जाते, हा त्याचा मोठा गुण आहे; तोंडी प्रश्न टेबलापाशीच थांबतो. होबर्नमध्ये एका तरुणाला जो प्रश्न विचारणे असभ्य ठरले, तो कागदावर सभ्य होतो.

याची दुसरी बाजू बारामतीची स्वतःची आहे. या शहराच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ आणि फेरेरो या मूळच्या इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत, कृषी विज्ञान केंद्रात नेदरलँड्सच्या सहकार्याने भाजीपाल्याचे काम चालते, जानेवारीतील ‘कृषिक’ प्रदर्शनाला दूरदूरची माणसे येतात, आणि परप्रांतांतून आलेल्या कामगारांची संख्या मोठी आहे. तमिळ किंवा ओडिया कामगाराला, इटालियन तंत्रज्ञाला, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या कोणाही पाहुण्याला येथे तोच अधिकार आहे जो बारामतीकराने हेगमध्ये मागायचा आहे. आणि या मुलखात शेंगदाण्याचे कूट कोणत्या भाजीत नसते? ज्याला शेंगदाणा जिवावर बेततो त्याला ‘वांग्याची भाजी’ हे नाव वाचून काहीही कळत नाही.

म्हणून कृषी विभागाने पुढील परदेश दौऱ्याच्या पूर्वतयारीत आहारपत्राचा समावेश करावा, कृषी विज्ञान केंद्राने ते तयार करण्यात पुढाकार घ्यावा, आणि बारामती, भिगवण व इंदापूर येथील हॉटेलचालकांनी आपले मेनूकार्ड आधी मराठीत व मग इतर भाषांत छापून प्रत्येक पदार्थापुढे त्यातील शेंगदाणा, दूध, अंडी, मासे आणि मांस यांची नोंद करावी. या कामाला नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. पुढची पालखी या गावांतून जाण्यापूर्वी ते होऊ शकते.